रिकामा प्लॉट, भरलेली फाईल

मुक्काम ऑस्टिन, टेक्सास

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,


टेक्सासमध्ये घर बांधण्यासाठी विकत घेतलेला रिकामा प्लॉट कागदावर कधीच रिकामा नसतो. ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला, ड्रिपिंग स्प्रिंग्ज आणि विम्बर्ली या गावांच्या बाजूला, चुनखडीच्या टेकड्यांचा पट्टा पसरलेला आहे. त्याला हिल कंट्री म्हणतात. तिथे रस्त्याकडेला विक्रीची पाटी दिसते, तिच्यामागे ओकची झाडे, सीडरचे रान आणि माणसाला न भिणारी हरणे. पाहणाऱ्याला वाटते, मोकळे रान आहे, हवे तसे घर बांधावे. प्रत्यक्षात जमिनीच्या पोटातले तेल एकाचे असते, कडेच्या पट्टीवर वीज कंपनीचा हक्क असतो, कुंपणाचा रंग वसाहतीच्या समितीने ठरवलेला असतो आणि रात्रीच्या अंधाराची राखण गाव करत असते. या सर्वांचे वजा जाता जे उरते, त्याला घरमालकाचा प्लॉट म्हणतात.

चिरंजीवांनी आणि सूनबाईंनी असा सव्वा एकराचा प्लॉट घेतल्याचे कळल्यापासून साताऱ्याहून फोनवर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे या पत्रात क्रमाने दिली आहेत. तीर्थरूपांची सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली असल्याने भाषा शक्य तिथे कचेरीतलीच ठेवली आहे. सव्वा एकर म्हणजे पन्नास गुंठे. यावर “पन्नास गुंठ्यांत नुसते घर? निदान ऊस तरी लावा,” ही आत्याबाईंची सूचना पोहोचली, तिचा विचार पुढे पाण्याच्या प्रकरणात केला आहे.

पहिला प्रश्न, शेतकरी असल्याचा दाखला लागतो का? लागत नाही. महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि अनिवासी भारतीयाला तर परकीय चलनाचे नियमही आडवे येतात. त्यामुळे साताऱ्यात ज्या चिरंजीवांना वावराचा बांधही विकत घेता येणार नाही, त्यांना टेक्सासमध्ये गुरांचे कुरण घ्यायला कोणी हरकत घेत नाही. इथे शेतीचा प्रश्न निघतो तो कराच्या वेळी. शेतीखालच्या जमिनीची कर-आकारणी बाजारभावाने होत नाही, उत्पन्नाच्या हिशेबाने होते आणि ती नगण्य असते. मात्र सामान्यतः मागच्या सातांपैकी पाच वर्षे जमीन शेतीत असल्याचे दाखवावे लागते. कायद्याने 5 ते 20 एकरांवर मधमाश्या पाळणेही शेतीत धरले आहे. त्यामुळे या भागात कित्येक सुशिक्षित कुटुंबांनी मधाच्या आवडीपेक्षा कराच्या धास्तीने पेट्या ठेवल्या आहेत. अशा जमिनीचा वापर बदलला की तिचा शेतीचा दर्जा जातो आणि मागच्या 3 वर्षांच्या करातला फरक वसूल होतो. तो विकणाऱ्याने भरायचा की घेणाऱ्याने, हे करारात लिहून घ्यावे. न लिहिल्यास तो घेणाऱ्याच्याच गळ्यात पडण्याची शक्यता फार.

दुसरा प्रश्न नातेवाइकांचा: कितीला पडला? याचे उत्तर टेक्सासमध्ये सरकारलाही ठाऊक नसते. विक्रीची किंमत जाहीर करण्याचे बंधन या राज्यात नाही, मुद्रांक शुल्क नाही, रेडी रेकनर नाही. खरेदीखतात मोबदला म्हणून बहुधा “दहा डॉलर आणि इतर मूल्यवान मोबदला” एवढेच लिहितात. चिरंजीवांनी खताचा फोटो कौटुंबिक ग्रुपवर टाकला, तेव्हा आत्याबाईंनी “एवढ्यात आम्हीही दोन घेतले असते” असे कळवले. इतर मोबदला हे दोन शब्द त्यांच्या चष्म्यातून निसटले असावेत. बँकेला मात्र ते नीट दिसतात, कारण नुसत्या जमिनीसाठी कर्ज देताना ती घराच्या कर्जापेक्षा मोठी रक्कम आधी मागते आणि व्याजही चढे लावते.

सौदा ठरला की बयाणा द्यायचा आणि त्याशिवाय थोडी वेगळी रक्कम देऊन काही दिवसांची मुदत विकत घ्यायची. या मुदतीत घेणारा कोणतेही कारण न देता सौदा मोडू शकतो आणि बयाणा परत मिळवू शकतो. जाते ती फक्त मुदतीची किंमत. पत्रिका जुळली नाही म्हणून मोडले तरी चालते, आणि मराठी घरांत ही मुदत बरीचशी त्याच कामी लागते. पुण्याच्या वास्तुतज्ज्ञांनी व्हिडिओ कॉलवर प्लॉट पाहिला. रस्ता थेट अंगावर येत नाही म्हणजे वीथीशूल नाही, उतार ईशान्येकडे आहे, हे उत्तम, असा निर्वाळा मिळाला. मध्येच दिशा फिरली, तेव्हा सूनबाईंनी फोन हातात धरून लोखंडी ट्रकपासून दूर जाण्याची आज्ञा पाळली आणि पूर्व पुन्हा पूर्वेला आली.

सातबारा हा तिसरा विषय. टेक्सासमध्ये सातबारा नाही. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, क्लार्ककडे पिढ्यान्‌पिढ्यांची खते नोंदलेली असतात, पण आज मालक कोण हे सांगणारा एकच सरकारी उतारा नसतो. ते काम टायटल कंपनी करते. ती जुने दस्त चाळून एक अहवाल देते आणि त्यावर विमा उतरवते. उद्या कोणी जुना वारस उभा राहिला, तर कंपनीने निस्तरायचे. या विम्याचे दर राज्याचे विमा खाते ठरवते, त्यामुळे दहा कंपन्यांत घासाघीस करण्याचा मराठी आनंद इथे मिळत नाही. अहवालातला वाचण्यासारखा भाग म्हणजे ज्या गोष्टींवर विमा चालणार नाही त्यांची यादी. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना जे सांगतो, ते ही यादी पानेच्या पाने सांगते. अनुभवी माणूस अहवाल याच पानापासून वाचायला घेतो. इकडून पाठवलेल्या पीडीएफच्या छापील प्रतीवर तीर्थरूपांनी पेन्सिलीने खुणा करून, तिचा फोटो काढून परत धाडला, तोही याच पानाचा.

त्यातली पहिली नोंद खनिजांची होती. टेक्सासमध्ये जमिनीचा पृष्ठभाग आणि खालची खनिजे वेगवेगळ्या मालकांची असू शकतात. कोण्या आजोबांनी जमीन विकताना तेल आणि वायूचे हक्क राखून ठेवलेले असतात आणि त्यांची नातवंडे कुठेतरी सुखाने नांदत असतात. कायदा खनिजवाल्याला वरचढ मानतो. खनिज काढण्यासाठी आवश्यक तेवढा पृष्ठभाग वापरण्याचा त्याला हक्क असतो. हिल कंट्रीत तेलाचे साठे फारसे नाहीत, म्हणून देवघराच्या जागी तेलविहीर येण्याची भीती बाळगू नये. तरी पृष्ठभाग वापरणार नाही असे खनिजवाल्याने लिहून दिलेले आहे का, हे तपासतात.

मोजणीचे प्रकरण तीर्थरूपांना सर्वांत जिव्हाळ्याचे. टेक्सास 1836 ते 1845 या काळात स्वतंत्र देश होता आणि अमेरिकेत सामील होताना त्याने आपल्या सरकारी जमिनी स्वतःकडे ठेवल्या. पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत केंद्र सरकारने आखलेली चौकोनी जाळी टेक्सासवर पडलीच नाही, ती यामुळे. इथली जुनी खते सीमेवरून चालत जातात: अमुक खुणेपासून सुरुवात, तिथून उत्तरेकडून इतके अंश पूर्वेला, इतके अंतर, ओकच्या झाडापर्यंत, पुढे ओढ्याच्या वळणाने. अंतर स्पॅनिश अमदानीतल्या 33⅓ इंचांच्या वारा या मापात दिलेलेही आढळते. चतुःसीमेची सवय असलेल्याला हे परके वाटत नाही. “झाड पडले तर?” हा तीर्थरूपांचा प्रश्न सर्व्हेअरला विचारला असता त्याने ओणवे होऊन पाचोळा बाजूला सारला आणि कोपऱ्यात ठोकलेली अर्ध्या इंचाची लोखंडी सळई दाखवली. तिच्यावर प्लॅस्टिकची टोपी होती, टोपीवर मोजणी करणाऱ्याची ओळख. मग त्याने तांब्याएवढ्या डब्यातून गुलाबी रंग फवारला. साताऱ्याहून व्हिडिओवर हजर असलेल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी मान डोलावून मोजणी मंजूर केली आणि शेजाऱ्याची सही न घेतल्याबद्दल नाराजी नोंदवली.

नकाशावर घर कुठे बसू शकते, हे त्यानंतर कळते. समोरून, मागून आणि बाजूंनी ठरावीक फूट सोडायचे, वीज आणि पाण्याच्या पट्ट्या सोडायच्या, पुराच्या रेषेच्या आत जायचे नाही. पुराची रेषा गमतीवारी नेण्यासारखी नाही. हा भाग अचानक पूर येण्यासाठी देशभर ओळखला जातो. मे 2015 मध्ये ब्लँको नदी एका रात्रीत चढली, तेव्हा विम्बर्लीत घरे वाहून गेली आणि माणसे दगावली. नकाशातला ‘शंभर वर्षांचा पूर’ शंभर वर्षांतून एकदाच येतो अशी समजूत घेऊन लोक फसतात. तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते, म्हणजे 30 वर्षांच्या कर्जाच्या काळात चारांत एक. ओढ्याकाठचे स्वस्त आणि देखणे प्लॉट स्वस्त का आहेत, याचे उत्तर त्या नकाशात असते.

गावाच्या हद्दीबाहेर काउंटीला बांधकामावर फारसे अधिकार नसतात. सेप्टिक, पूर, रस्त्याला जोडणारी वाट अशा मोजक्या परवानग्या लागतात. सरकारने सोडलेली ही पोकळी वसाहतीची समिती आनंदाने भरून काढते. घर किमान किती चौरस फुटांचे, दर्शनी भागात दगड किती, छप्पर कोणत्या रंगाचे, कचऱ्याचा डबा किती वाजता आत, हे सर्व तिच्या नियमावलीत असते आणि ही नियमावली जमिनीबरोबरच हस्तांतरित होते. समितीला सर्व काही अडवता येत नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. घरमालकाने आपल्या जागेत धार्मिक प्रतीक ठेवण्याला 2021 पासून राज्याच्या कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून तुळशीवृंदावन ठेवता येईल, पण सोडलेल्या फुटांच्या आत नाही. मातोश्रींनी सुचवलेली जागा वीज कंपनीच्या पट्टीत येत असल्याने वृंदावन साडेचार फूट आत सरकवले आहे.

आकाशकंदिलाचे प्रकरण याहून नाजूक होते. ड्रिपिंग स्प्रिंग्जला 2014 मध्ये टेक्सासमधली पहिली आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ वस्ती म्हणून मान्यता मिळाली, आणि आसपासच्या कित्येक वसाहतींनी अंधाराचे व्रत घेतले आहे. बाहेरचा दिवा झाकलेला हवा, उजेड खाली पडला पाहिजे, वर किंवा शेजाऱ्याकडे नाही. आकाशकंदील हा नेमका चहूकडे उजेड टाकण्यासाठीच जन्माला आलेला. शिवाय वसाहतीच्या नियमांत सणाच्या दिव्यांना दिलेली सूट नाताळभोवती आखलेली, दिवाळी तिच्या बाहेर. सूनबाईंनी रीतसर अर्ज केला. विषय: कागदी कंदील, एक, षट्‌कोनी, करंज्यांसह. समितीने उलट टपाली विचारले की बल्ब किती वॉटचा, आणि झिरमिळ्यांची लांबी किती. पाच दिवसांची परवानगी मिळाली, रात्री दहानंतर विझवण्याच्या अटीवर. समितीच्या अध्यक्षबाई पाहणीसाठी आल्या, करंजी खाऊन गेल्या आणि पुढच्या वर्षीचा अर्ज आत्ताच द्या म्हणाल्या.

पाणी तीन मार्गांनी येते. कंपनीची वाहिनी जवळ असली तर भाग्य. नसली तर विंधन विहीर, तीही काही शे फूट. पाणाड्या टेक्सासमध्येही असतो, फक्त तळहातावर नारळ न ठेवता तो दुबेळकी फांदी धरतो; चिरंजीवांनी त्याच्याऐवजी शेजारच्या विहिरींच्या सरकारी नोंदी पाहिल्या. भूजलाबाबत टेक्सासचा कायदा जुना आणि निर्दय आहे. 1904 मध्ये एका रेल्वे कंपनीने उपसा करून शेजाऱ्याची विहीर आटवली, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आपल्या जमिनीखालचे पाणी आपण उपसावे, शेजाऱ्याचे आटले तर आटले. आता स्थानिक भूजल मंडळे काही वेसण घालतात, पण उसाची कल्पना त्यांच्यापुढे मांडण्याचे धाडस कोणी केलेले नाही. तिसरा मार्ग पावसाचा. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2,300 लिटर पाणी मिळते आणि टाकीवर सरसकट बंदी घालणे समितीला कायद्याने शक्य नाही. ऑस्टिनकडे वर्षभरात साधारण 35 इंच पाऊस पडतो. महाबळेश्वर हे काम जुलैच्या पंधरवड्यात उरकते.

आलेले पाणी जाते कुठे, हा प्रश्न साताऱ्याहून कोणीच विचारला नाही, आणि प्लॉटचे भवितव्य त्यावरच ठरते. गटाराची वाहिनी नसेल तर सेप्टिक, आणि सेप्टिकसाठी माती हवी. सरकारमान्य परीक्षक खड्डे खणून मातीची खोली पाहतो. राज्याच्या नियमानुसार नव्याने पाडलेल्या प्लॉटला स्वतःची विहीर असेल तर किमान एक एकर लागतो. काउंट्यांचे नियम याहून कडक असू शकतात. विहीर आणि मैला जिरवण्याची जागा यांत 100 फूट अंतर हवे. या प्लॉटवर सहा-आठ इंचांखाली खडक लागला. खोल माती सापडली ती फक्त एका कोपऱ्यात, आणि तो ईशान्येचा. पुण्याचे तज्ज्ञ आणि परीक्षक यांच्यात सूनबाईंच्या मध्यस्थीने बोलणी झाली. ईशान्येला मैला हे पुण्याला अमान्य, वायव्येला टाकी हे खडकाला अमान्य. शेवटी हवा खेळवून पाणी शुद्ध करणारी यंत्रणा निवडली. तिची टाकी खडक फोडून वायव्येला बसते आणि क्लोरीन घातलेले पाणी फवाऱ्यांनी गवतावर उडवले जाते. असे फवारे बहुधा मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेला लावतात. तीर्थरूपांनी इकडे आल्यावर पाचच्या आधी अंगणात सूर्यनमस्कार घालू नयेत. पाण्याचा शिडकावा झाल्यास तो तुषारसिंचनाचा समजू नये.

खडकाचा एक फायदा पायाला होतो. ऑस्टिनमधून जाणाऱ्या 35 क्रमांकाच्या महामार्गालगत भूगर्भातली एक जुनी भेग आहे. तिच्या पश्चिमेला चुनखडी, पूर्वेला सोलापूरकडच्या रानासारखी काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि घराच्या भिंतींनाही तेच करायला लावते. म्हणून तिकडे काँक्रीटच्या जोत्यात पोलादी तारा घालून त्या नंतर ताणतात. पश्चिमेला ही कटकट कमी, पण खणाई महाग. ठेकेदाराच्या दरपत्रकात तळाशी बारीक अक्षरात ‘खडक लागल्यास वेगळा आकार’ असे असते, आणि हिल कंट्रीत खडक लागत नाही असे खड्डे विरळ. भूमिपूजनाला कुदळ मारली तर ठिणगी उडाली. तेव्हा गुरुजींनी ब्रेकर लावलेल्या यंत्राला हळदकुंकू वाहायला सांगितले आणि चालकाला नारळ दिला. चालकाने तो तिथेच फोडून पाणी पिऊन टाकले.

झाडांबाबत एवढेच की ओकला मर लागण्याचा एक बुरशीजन्य रोग इथे आहे. फेब्रुवारी ते जून या काळात ओकची फांदी छाटू नये, आणि केव्हाही छाटली तरी जखमेवर लगेच रंग लावावा. वास्तुशांतीच्या तोरणासाठी पाने हवी असल्यास ती भारतीय दुकानातून आणलेल्या आंब्याच्या पानांची असावीत.

ठेकेदाराशी करार दोन प्रकारचे. एकात सगळ्याची मिळून ठरलेली रक्कम असते. दुसऱ्यात जो खर्च होईल तो अधिक ठेकेदाराचा हिस्सा. पहिल्यात नळ, फरशा, दिवे यांसाठी गृहीत धरलेली रक्कम इतकी किरकोळ असते की सूनबाईंनी दुकानात पहिला नळ पाहिला आणि ती संपली. राहत्या घरासाठी नवरा-बायको दोघांच्या सह्या काम सुरू होण्याआधी लागतात, नाहीतर ठेकेदाराला थकबाकीपोटी घरावर बोजा चढवणे अवघड जाते. त्यामुळे सूनबाईंची सही घेण्यासाठी तो स्वतः पेन घेऊन आला होता. बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते आणि प्रत्येक टप्प्याला तपासनीस पाठवते. हाताखालच्या कामगारांचे पैसे ठेकेदाराने बुडवले तर मालकाला झळ लागू नये म्हणून, प्रत्येक देयकातले दहा टक्के राखून काम पूर्ण झाल्यावर 30 दिवसांनीच द्यावेत, असे कायदा सांगतो.

उरला कर. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्याची कसर घरपट्टीत भरून निघते. या भागात ती दरसाल मालमत्तेच्या किमतीच्या दीड ते सव्वादोन टक्क्यांच्या घरात जाते. आकारणी 1 जानेवारीला जे उभे असेल त्यावर होते, अर्धवट घर असले तर अर्धवट घरावर. किंमत जास्त लावली असे वाटल्यास साधारण 15 मेपर्यंत हरकत घेता येते, आणि इथले बहुतेक जाणते लोक ती दरवर्षी सणासारखी घेतात. 1 जानेवारीच्या या आकारणीमुळे छपराचे काम डिसेंबरात उरकण्याची घाई करू नये असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला आहे. ठेकेदार तो सप्टेंबरपासूनच पाळत आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
चिरंजीव, सूनबाई आणि नातवंडे